चांदबीबीची दोन मुले

चांदबीबी म्हटले की चिलखत घातलेली, तोंडावर बुरखा घेतलेली, हातात उपसलेली तलवार धरून अहमदनगर किल्ल्याच्या खिंडारात उभी राहिलेली बाई डोळ्यांपुढे येते. ती खरोखरच तशी उभी राहिली होती. तो दिवस फेब्रुवारी १५९६ मधला. परंतु त्या चित्रात एक माणूस दिसत नाही. ज्याच्या नावाने ती लढत होती ते कोवळे पोर त्या दिवशी किल्ल्यात नव्हतेच. जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर ते दुसऱ्या कोणाच्या तरी पहाऱ्यात होते. त्याचे नाव बहादूर. नात्याने तो चांदबीबीच्या भावाचा नातू.

चांदबीबीला पोटचे मूल झाले नाही. तरीही ती दोनदा आई झाली, एकदा तिशीत आणि एकदा पंचेचाळिशीत. ज्या काळात पंधरा-सोळाव्या वर्षी पाळणा हलला नाही तर घरात कुजबूज सुरू व्हायची, त्या काळातली ही गोष्ट आहे. तिचे राजकारण, तिच्या लढाया, तिने केलेले तह आणि शेवटी तिचा खून हे सगळे या दोन मुलांभोवती फिरते. आणि दुसऱ्या मुलासाठी तिने उभारलेला सर्वांत मोठा डाव खेळला गेला तो आजच्या परभणी जिल्ह्यातल्या पाथरी-सोनपेठच्या मुलखात, गोदावरीच्या काठी.

पाथरीचे आणि निजामशाहीचे नाते मुळातच घरचे. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचा बाप मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण. त्याच्या घराण्याकडे पाथरीचे कुलकर्णीपण होते असे इतिहासकार फेरिश्ता सांगतो. बहमनी फौजेच्या हाती लागून तो बीदरला गेला, मुसलमान झाला आणि वजीरपदापर्यंत चढला. १४९० मध्ये त्याच्या मुलाने स्वतंत्र गादी मांडली. पाथरी मात्र तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. मलिक अहमदचा मुलगा पहिला बुऱ्हाण निजामशहा याने इमादशहाला निरोप धाडला की पूर्वजांचे गाव आम्हाला द्या, बदल्यात त्याहून जास्त उत्पन्नाचा परगणा घ्या. इमादशहाने नकार दिला. १५१८ मध्ये बुऱ्हाणने पाथरी लढून घेतली, ती पुन्हा गेली, १५२७ मध्ये पुन्हा घेतली आणि तिथल्या आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम देऊन टाकली. सुलतानाने पूर्वजांच्या गावासाठी दोनदा तलवार उपसावी आणि ते गाव धर्माने वेगळ्या झालेल्या भावकीच्या पदरात घालावे, हा दख्खनच्या इतिहासातला मला फार मोलाचा वाटणारा प्रसंग आहे. पुढचा झगडा समजायलाही तो हवा. पाथरी मूळची वऱ्हाडातली की निजामशाहीतली, या प्रश्नाचे बीज तिथे पडले.

चांदबीबी ही या बुऱ्हाणची नात. हुसेन निजामशहा आणि खुंजा हुमायूं यांच्या पोटी १५५० च्या सुमारास तिचा जन्म झाला. १५६४ मध्ये विजापूरच्या अली आदिलशहाशी तिचे लग्न लागले आणि सोलापूरचा किल्ला तिच्याबरोबर आंदण गेला. तो किल्ला म्हणजे दोन शाह्यांमधले जुने दुखणे. त्याच सोयरिकीत अलीची बहीण हदिया सुलतान निजामशाही घरात आली. ही लग्ने जुळली म्हणून विजयनगरविरुद्धची आघाडी जुळली आणि जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातावरची मेंदी एका साम्राज्याच्या अस्ताला कारण झाली, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

त्याच वर्षी हुसेन निजामशहा वारला. मुलगा मुर्तझा गादीवर आला आणि कारभार आई खुंजा हुमायूंने हाती घेतला. तिने काही वर्षे राज्य चालवले, आपल्या भावांना मोठ्या जागा दिल्या आणि त्यामुळे दरबारातल्या सरदारांचे वैर ओढवून घेतले. अखेर मुर्तझाने सरदारांच्या साहाय्याने आपल्या सख्ख्या आईलाच कैदेत टाकले. हुसेनशहाच्या स्तुतिपर ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या काव्याची सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यातल्या चित्रांत शहाच्या शेजारी बसलेली ही राणी नंतर कोणी तरी रंग खरवडून, वरून रंग फासून पुसून टाकलेली दिसते. पोटच्या पोराच्या नावाने राज्य करणाऱ्या बाईचे हे झाले. चांदबीबी तेव्हा विजापुरात होती, विशीच्या आत-बाहेर. माहेरची ही बातमी तिच्यापर्यंत गेलीच असणार. पुढे ज्या सावधपणाने ती वागली त्याची मुळे मला या बातमीत दिसतात.

१५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. त्याला मूल नव्हते. भाऊ तहमास्प याचा नऊ वर्षांचा मुलगा इब्राहिम गादीवर बसवण्यात आला आणि चांदबीबी पुतण्याची आई झाली. त्या काळच्या दरबारात हे नाते भावनेचे होते तितकेच कारभाराचेही होते. लहान राजाचा कारभार दोन ठिकाणांहून चाले. बाहेर दिवाणखान्यात एखादा बलदंड सरदार वकील म्हणून बसे आणि आत जनानखान्यात राजाला वाढवणारी बाई असे. फर्माने निघत ती राजाच्या शिक्क्याने, आणि ज्याच्या ताब्यात पोर त्याच्या ताब्यात शिक्का. म्हणून वकील बदलला की पहिला हात घातला जाई तो मुलाला आणि त्याच्या आईला वेगळे करण्यावर.

विजापुरात तेच घडले. पहिला वकील कामिलखान चांदबीबीला जुमानेनासा झाला, तेव्हा तिने किश्वरखानाला हाताशी धरून त्याला दूर केले. मग किश्वरखानच शिरजोर झाला. माहेरच्या निजामशहाशी तिचा आतून पत्रव्यवहार आहे असा आळ त्याने घातला आणि तिला महालातून जबरदस्तीने बाहेर काढून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत पाठवले. विजापूरच्या लोकांना हे सहन झाले नाही. शहरात त्याची छी-थू झाली, हबशी सरदार इखलासखान त्याच्यावर उलटला, किश्वरखान पळाला आणि चांदबीबी सन्मानाने परत आली. ती परतली तेव्हा राज्य संकटात होते. विजापूरला वेढा पडला होता आणि वेढा घालणाऱ्यांत गोवळकोंड्याच्या जोडीने तिच्या माहेरची, सख्ख्या भावाची फौज होती. ती पुतण्याच्या बाजूने उभी राहिली. आळ कितपत खरा होता याचे उत्तर तिथे मिळाले.

पुढे दिलावरखानाने सत्ता बळकावली आणि तिचा कारभारातला हात सुटला. १५८४ च्या सुमारास इब्राहिमची बहीण खदिजा हिचे लग्न मुर्तझाच्या मुलाशी ठरले, तेव्हा नवरीबरोबर चांदबीबी अहमदनगरला आली. इब्राहिम त्या वेळी तेरा-चौदा वर्षांचा. पोरगे हाताशी आले आणि आई माहेरी गेली.

माहेरी मात्र घर उरले नव्हते. १५८८ मध्ये मुर्तझाला त्याच्याच मुलाने, मीरान हुसेनने, मारले. दहाएक महिन्यांत मीरान हुसेनचे शीर उडाले. मग अल्पवयीन इस्माइल, मग त्याला हटवून त्याचाच बाप दुसरा बुऱ्हाण, मग १५९५ मध्ये बुऱ्हाणच्या मृत्यूनंतर त्याचा दुसरा मुलगा इब्राहिम निजामशहा. हा इब्राहिम जेमतेम चार महिने राज्यावर होता. ऑगस्ट १५९५ मध्ये विजापूरच्या फौजेशी लढताना तो पडला. त्याचे तान्हे पोर म्हणजे बहादूर. म्हणजे चांदबीबीने एका हाताने वाढवलेल्या मुलाच्या फौजेने, पुढे तिने दुसऱ्या हाताने उचललेल्या मुलाचा बाप मारला.

त्याच नगरात, त्याच दशकांत, दुसऱ्या एका घरात मुलासाठी नवस चालू होते. वेरूळचे मालोजी भोसले हे निजामशाहीचे सरदार, त्यांची पत्नी उमाबाई फलटणच्या निंबाळकरांची लेक. पुष्कळ वर्षे मूल होईना म्हणून त्यांनी नगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्याला नवस केला आणि झालेल्या दोन मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरा भोसले घराण्याने आदराने जपली. सरदाराच्या बायकोला मूल हवे होते घराण्याचा वंश चालायला. राणीला मूल लागे ते जिवंत राहायला. विधवा, निपुत्रिक राजस्त्रीला दरबारात उभे राहायला जागाच नव्हती. एखाद्या लहान राजाचा हात तिच्या हातात असला तरच तिच्या शब्दाला वजन.

पण चांदबीबीने बहादूरला उचलले ते केवळ एवढ्यासाठी, असे मला वाटत नाही. १५९५ च्या हिवाळ्यात तिला दुसरे मार्ग खुले होते. इब्राहिम निजामशहा पडल्यावर वजीर मियां मंजूने अहमद नावाचा एक मुलगा राजवंशातला म्हणून गादीवर बसवला आणि बहादूरला चावंडला धाडले. हबशी सरदारांनी चिडून आपला वेगळा राजा उभा केला. सरदार नेहंगखानाने पहिल्या बुऱ्हाणचा म्हातारा मुलगा शाह अली पुढे आणला. एका राज्याला एकाच वेळी चार हक्कदार झाले. घाबरलेल्या मियां मंजूने गुजरातेत असलेल्या अकबरपुत्र मुरादला मदतीला बोलावले. मुराद आणि मुघल सेनापती खानखानान अब्दुर्रहीम डिसेंबरात फौज घेऊन दाराशी आले, तेव्हा मियां मंजूला चूक कळली आणि तो औशाकडे निघून गेला. चांदबीबी यांतल्या कोणाही बळकट पक्षात गेली असती तर तिचे उरलेले आयुष्य निर्धोक गेले असते. तिने ज्याच्या मागे एकही तलवार नव्हती, जो हाताशीही नव्हता, त्या पोराच्या नावाने राजा म्हणून द्वाही फिरवली. कारण हक्क त्याचा होता.

वेढ्याची हकीगत पुष्कळांना ठाऊक आहे. मुघलांनी तटाखाली सुरुंग पोखरले. मुघल छावणीतूनच एका शिराझी माणसाने त्याची खबर आत पोचवली आणि किल्ल्यातल्यांनी उलट खणून काही सुरुंगांतली दारू काढून घेतली. एक राहिला. तो उडाला आणि सुमारे पन्नास यार्ड तट कोसळला. त्या खिंडारात चांदबीबी उतरली, संध्याकाळपर्यंत हल्ले परतवले आणि रातोरात भिंत पुन्हा उभी केली. मेडोज टेलरने तिच्यावर कादंबरी लिहिली, नंतर नाटके-चित्रे आली, ती सगळी याच दिवसाभोवती. मुघल तहाला आले याला मात्र आणखी एक कारण होते, ते चित्रात मावत नाही. विजापूरहून इब्राहिम आदिलशहाने सुहेलखानाच्या हाताखाली फौज पाठवली होती आणि ती नळदुर्गापर्यंत आली होती. इब्राहिम तेव्हा पंचविशीतला, कर्ता राजा. मुघल दख्खनेत उतरले तर उद्या आपली पाळी, हे त्याला कळत होतेच. तरी बारा वर्षांपूर्वी घरातून गेलेल्या चुलतीच्या हाकेला त्याने दिलेले उत्तर नुसत्या हिशेबाचे नव्हते, अशी माझी खात्री आहे. हिशेबच असता तर त्याने नगरचा एखादा लचका आधी तोडला असता. तसे त्याने केले नाही. तहानंतर मियां मंजू अहमदचा हट्ट सोडेना, तेव्हाही इब्राहिमने त्या दोघांना विजापूरला बोलावून घेतले, अहमदला जहागीर देऊन तिथेच ठेवले आणि बहादूरची वाट मोकळी केली.

पोटच्या मुलाने खुंजा हुमायूंला कैदेत घातले. तिच्या मुलीसाठी मात्र दिराच्या मुलाने दोनदा सैन्य पाठवले.

तहात वऱ्हाड गेले. बहादूरची गादी मुघलांनी मान्य केली. वऱ्हाड दिले म्हणून तिला दोष देणारे तेव्हाही होते. इमादशाही बुडवून १५७४ मध्ये तिच्याच भावाने तो मुलूख मिळवला होता. माझ्या मते तिने केला तो सौदा योग्य होता. किल्ल्यात धान्य संपत आले होते आणि राजा म्हणून जाहीर केलेले मूल अजून चावंडवर होते. मुलूख पुन्हा मिळवता येतो. बहादूरला नगरला आणले गेले आणि तो गादीवर बसला.

आता पाथरी. तहाची शाई वाळायच्या आत मुघलांनी पाथरीचा मुलूख ताब्यात घ्यायला सुरुवात केली. त्यांचे म्हणणे, पाथरी वऱ्हाडातली. पुढे ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये पाथरीचे नाव आहेच. निजामशाहीचे म्हणणे, पाथरी आमची, वऱ्हाड जिंकण्याच्या सत्तेचाळीस वर्षे आधीपासून आमची, आणि तहात ती दिलेली नाही. बुऱ्हाणने पूर्वजांचे गाव म्हणून १५२७ मध्ये जे घेतले ते आता त्याच्या पणतूच्या मुलाच्या हातून चालले होते.

नगरात तेव्हा दुसरे संकट उभे होते. नवा पेशवा मुहम्मदखान चांदबीबीला बाजूला सारू पाहत होता. तिने पुन्हा विजापूरला लिहिले. सुहेलखान पुन्हा आला, नगरला चार महिने नाकेबंदी करून बसला. मुहम्मदखानाने तर मुघलांनाच हाक मारली, तेव्हा किल्ल्यातल्या शिबंदीने त्याला पकडून चांदबीबीच्या हवाली केले. काम आटोपून सुहेलखान परतीच्या वाटेवर असताना पाथरीची बातमी त्याला कळली. त्याने इब्राहिमला कळवले, हुकूम आला की मागे फिर. गोवळकोंड्याची फौज येऊन मिळाली, नगरची मिळाली. तालिकोटनंतर बत्तीस वर्षांनी दख्खनच्या तीन शाह्या पुन्हा एका झेंड्याखाली आल्या. पहिल्या वेळी त्या एकत्र आल्या तेव्हा चांदबीबी नवरी होती. या वेळी ती बोलावणारी होती.

फेब्रुवारी १५९७ मध्ये गोदावरीकाठी गाठ पडली. फेरिश्ता ठिकाण सोनपेठ सांगतो, मुघल इतिहासकार पाथरीजवळचे आष्टी म्हणतात. मुघलांकडे सेनापती खानखानान अब्दुर्रहीम, म्हणजे हिंदी दोह्यांचा कवी रहीम. त्याच्या बाजूने खानदेशचा राजा अलीखान फारुकी. दख्खनी फौज मुघलांहून कितीतरी मोठी होती. पहिल्या दिवशी सुहेलखानाच्या तोफांनी आणि घोडदळाने मुघलांच्या फळ्या मोडल्या. राजा अलीखान आपल्या माणसांसह तिथेच पडला. मुघलांचे कित्येक लोक पळत सुटले ते थेट शहापूरच्या छावणीपर्यंत. आणि दख्खनी शिपाई लढाई जिंकली असे समजून लुटीच्या मागे लागले, मिळालेले ओझे घेऊन अंधारात पांगले. तिथे घात झाला. रात्री सुहेलखान आणि खानखानान दोघेही थोडक्या माणसांनिशी, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, रणातच थांबलेले. कोण जिंकले हे दोघांनाही ठाऊक नाही. सुहेलखानाच्या बाजूला दिवट्या दिसल्या तेव्हा खानखानानने तिकडे तोफा डागल्या. रात्रभर दोघांनी पांगलेली माणसे गोळा केली. उजाडता खानखानानने हल्ला चढवला. सुहेलखान जखमी होऊन घोड्यावरून पडला, त्याच्या माणसांनी त्याला उचलून नेले आणि दख्खनी फौज मोडली. राजा अलीखान फितूर झाला असे समजून मुघलांनी रात्रीत त्याचीच छावणी लुटली होती. सकाळी त्याचे प्रेत सापडले.

इतकी मोठी लढाई होऊनही मुघलांना तिचा फायदा लगेच उठवता आला नाही. मुराद आणि खानखानान यांचे पटत नव्हते, मुरादचे पिणे वाढले होते. मे १५९९ मध्ये तो दौलताबादच्या टापूत वारला. बहादूरला या तीन वर्षांचे राज्य मिळाले. सोनपेठला हरूनही चांदबीबीने एवढे कमावले होते.

या तीन वर्षांत तिने सांभाळले काय, तर पोर. पेशवा झालेल्या नेहंगखानाने मुलाला आपल्या ताब्यात घ्यायचा घाट घातला, तसे तिने किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले आणि त्याला सांगितले की कारभार बाहेरून कर. विजापुरात साताऱ्याला जाताना जे शिकली ते इथे उपयोगी पडले. पोर आणि आई यांच्या मध्ये या वेळी तिने कोणाला येऊ दिले नाही.

१६०० मध्ये शाहजादा दानियाल आणि खानखानान पुन्हा नगरवर आले. नेहंगखान लढाई न देता निघून गेला. या वेळी विजापूरहून कोणी आले नाही. तट पोखरला जात होता. पन्नाशीच्या चांदबीबीने जीताखान नावाच्या महालातल्या खोजाला बोलावून मन उघडे केले. किल्ला टिकत नाही, सरदारांवर भरवसा नाही, तेव्हा माणसांच्या जिवाची आणि अब्रूची हमी घेऊन किल्ला द्यावा आणि मुलाला घेऊन जुन्नरला जावे. जीताखान बाहेर धावला आणि राणी मुघलांना फितूर झाली म्हणून ओरडत सुटला. चिडलेला जमाव महालात घुसला आणि त्यांनी तिला मारले. महिना जुलैचा होता. ऑगस्टमध्ये सुरुंग उडाले, किल्ला पडला, बहादूर पकडला गेला आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदी म्हणून गेला.

तिला मारणाऱ्यांनी तिच्या बोलण्यातला पहिला भाग ऐकला, किल्ला द्यावा हा. दुसरा भाग, मुलाला घेऊन जुन्नरला जावे, हा त्यांच्या कानाआड गेला. पण तिची योजना त्या दुसऱ्या भागात होती. जुन्नरच्या डोंगरी किल्ल्यांत राहून गादी चालवायची. तिच्या मृत्यूनंतर मलिक अंबरने नेमके हेच केले. राजधानी गेली तरी परांड्याला दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवून त्याने निजामशाही पुढे चालवली, आणि त्या राज्यात शहाजीराजे वाढले. अंबरला इतिहासाने मुत्सद्दी म्हटले, ते रास्तच. तोच विचार महालातल्या बाईने आधी बोलून दाखवला तेव्हा तो फितुरी ठरला.

इब्राहिम आदिलशहा १६२७ पर्यंत राज्यावर होता. त्याच्या पदरी राहूनच फेरिश्त्याने आपला इतिहास लिहिला. आज चांदबीबीविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले बरेचसे तिने वाढवलेल्या थोरल्या मुलाच्या दरबारात लिहिले गेले. नगरपासून थोड्या अंतरावर डोंगरावर जी तीन मजली वास्तू चांदबीबीचा महाल म्हणून दाखवली जाते, ती सलाबतखान या वजिराची कबर आहे. तिच्या नावाने काही बघायचे असेल तर पाथरीहून सोनपेठकडे जावे आणि गोदावरीच्या काठचा तो सपाट काळा मुलूख बघावा. बहादूरच्या राज्यासाठी तिने उभी केलेली तीन शाह्यांची फौज या टापूत लढली.